दोन अंगठ्यांचा ब्लॅक बेल्ट

आधी कबूल करा की हसणार नाही. नाहीतर चहा संपवा आणि आपापल्या घरी जा! आयुष्यात गाढवपणा मी पुष्कळ केला, त्याचं काही नाही. पण त्यातला सगळ्यात उच्च प्रतीचा जो आहे, तो घरचे आणि शाळेतले एक सर सोडले तर मी पांढुर्ण्यात कुणाला कळू दिलेला नाही. सौंसरात मात्र तो घरोघरी माहीत आहे.

ऐंशीनंतरची गोष्ट आहे, सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साल असेल. मी पांढुर्ण्याला प्राथमिक शाळेत मास्तर होतो. वय सव्वीस. वजन विचारू नका. हातपंपावर पाणी भरायला गेलो की मी पंपाला वरखाली करतोय की पंप मला, हे बघणाऱ्याला कळायचं नाही.

आता असल्या माणसाचं लग्न जमायचं कसं? दोन ठिकाणी बोलणं झालं. पहिल्या घरी मुलीच्या आजीने माझ्या देखत माझ्या आईला विचारलं, "पोराले घरी खायले भेटत नाई काय वो?" दुसऱ्या घरचे सभ्य होते, त्यांनी आम्ही घरी पोचल्यावर पत्राने नकार कळवला. दोन्ही वेळा आई रात्री जेवली नाही. मला स्वतःचं काही वाटलं नाही हो, पण आईचं ते न जेवणं मला फार लागलं.

अशात पोळ्याच्या सुट्टीत माझे नागपूरचे भाऊजी आले. त्यांच्या कोण्या मित्राने परदेशातून एक खेळणं आणलं होतं. त्यांनी ते माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "मास्तर, खेळून पाहा अन् याचे गुण-दोष मले लिहून पाठवा. चांगलं असन त पोरासाठी ठेवतो." त्यांचा पोरगा तेव्हा सहा महिन्यांचा होता. भाऊजी दूरदृष्टीचे!

खेळणं म्हणजे तळहाताएवढी डबी. वर काडेपेटीहून जरा मोठी काच, काचेत सावलीसारखा काळा एक इवलासा माणूस. खाली चार बटणं. एक ठोशाचं, एक लाथेचं, एक वार अडवायचं, एक पुढे जायचं. कराटेचा खेळ होता. सोबतच्या कागदावर माहिती होती, पण ती लिपी आमच्या अख्ख्या शाळेत कुणाला वाचता आली नाही. हेडमास्तरांनी कागद उलटा धरूनही पाहिला.

पण नुसती मारामारी नव्हती बरं का! तो काचेतला माणूस म्हणजे आपणच. सुरुवातीला तो दुबळा शिष्य असतो. त्याला घेऊन गावोगाव हिंडायचं. प्रत्येक गावात एक गुरू, गुरूचे चेले अंगावर येणार. त्यांना लोळवलं की अंगात बळ वाढतं, नवा डाव मिळतो, पट्टा बदलतो. वाटेत भाताची वाटी दिसली आणि ती खाल्ली की ताकद लगेच दुप्पट! माझ्या आईने मला सव्वीस वर्षं भात वाढला होता, त्याचा असा उपयोग झालेला मी कधी पाहिला नव्हता. त्या दुबळ्या शिष्यात मला माझा सख्खा भाऊ दिसायला लागला.

आणि मी मास्तर! गुण-दोष लिहा म्हटलं की हात आपोआप लाल पेनाकडे जातो. एका वहीच्या पानावर मी लिहायला घेतलं.

गुण काय लिहिले? शत्रू अतिशय शिस्तीचे आहेत. एका वेळी एकच येतो, बाकीचे थांबतात. यायच्या आधी 'टिक्' असा आवाज करून वर्दी देतो. पडला की विरून जातो, पुढची भानगड नाही. आपण पडलो तर पुन्हा उठायला मिळतं, तीनदा. आणि नेहमी उजवीकडूनच येतो, त्यामुळे मान दुखत नाही.

दोषही लिहिले, पक्षपात नाही केला. पट्टा पांढरा की पिवळा, काचेत सगळं काळंच दिसतं, खालच्या रेघा मोजून ओळखायचं. दिवेलागणीनंतर दिसत नाही. सेल घड्याळातला लागतो. आणि सगळ्यात मोठा दोष म्हणजे खेळ बंद केला की कमावलेलं बळ, डाव, पट्टे सगळं पाण्यात. फक्त थोडा वेळ थांबवून ठेवायची सोय होती. म्हणून दोन महिने मी ती डबी बंदच केली नाही. शर्टाच्या खिशात, उशाखाली, शिकवताना टेबलाच्या खणात, चालूच!

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली होती. मधल्या सुट्टीत मी मास्तरांच्या खोलीत एकटा बसलो होतो आणि शेवटचा गुरू पडला. काचेत शेवटची रेघ उमटली. मी खुर्चीवरून उठून ओरडलो, "झालो! ब्लॅक बेल्ट झालो!"

नेमके त्याच वेळी ढोके सर आत आले. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, सौंसरकडचे, आणि लग्नं जुळवायचा त्यांना फार नाद.

"काय झालं बे? काऊन बोंबलून राहिला?"

"ब्लॅक बेल्ट झालो, सर!"

"कायच्यात?"

"कराटेत!"

एवढ्यात घंटा झाली आणि मी डबी खिशात टाकून वर्गावर गेलो. आता सांगा, यात माझी चूक काय? तिथपर्यंत काहीच नाही. चूक पुढे आहे.

त्या रविवारी ढोके सर सौंसरला जाऊन आले आणि सोमवारी शाळेच्या फाटकातच त्यांनी मला पकडलं. "अबे, इतकं मोठं काम केलं अन् सांगत नाई! सौंसरचे दौलतराव हायेत, माह्या साळ्याचे शेजारी. संत्र्याचा बगीचा हाये, पोरगी मॅट्रिक. मी त्याईले सांगून टाकलं, पोरगा अंगानं काडी हाये पण कराटेचा ब्लॅक बेल्ट हाये. ते म्हणते, मंग घेऊनच या!"

मी सांगणारच होतो. शपथेवर सांगतो, तोंड उघडलं होतं. म्हटलं, घरी जाऊन नीट विचार करून उद्या सांगू. घरी गेलो तर आई तांदूळ निवडत बसली होती आणि चेहरा असा फुललेला की मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. ढोकेबाई येऊन गेल्या होत्या.

"मले माहीतच होतं," आई म्हणाली. "लहानपणी झोपीत तू लय लाता मारे. आता कोणाची हिंमत हाये का म्हणाची, का पोराले खायले भेटत नाई म्हणून!"

त्या रात्री आई दोन भाकरी जास्त जेवली. मी काय बोलणार? गप्प बसलो. चूक झाली ती इथे.

पुढच्या रविवारी मी आणि ढोके सर सौंसरच्या बसमध्ये बसलो. डबी खिशात होतीच, थांबवून ठेवलेली. ब्लॅक बेल्ट झाल्यावर खेळ बंद करायला जीव धजेना.

दौलतरावांचं घर गावाच्या टोकाला, लोधीखेड्याच्या रस्त्यावर, घरामागेच बगीचा. जय भीम झाला, बाजेवर सतरंजी टाकून आम्हाला बसवलं. दौलतराव उंचेपुरे, पांढऱ्या मिशा. शेजारी मुलीचे काका. ते एकटक माझ्या मनगटांकडे बघत होते आणि त्यांना तिथे काही सापडत नव्हतं. मुलगी पोहे घेऊन आली. नाव प्रतिभा. सावळी, सरळ बघणारी. मला ती एकदम आवडली, अगदी आवडलीच.

"तुले काई विचाराचं असन त विचार, बाई," दौलतराव तिला म्हणाले.

तिने विचारलं, "किती दिवस शिकले जी तुमी?"

"दोन महिने."

"बस्स? दोन महिन्यात?"

"मन लावलं की होते," मी म्हटलं. यात खोटं काय होतं? एक अक्षर नाही!

तेवढ्यात काका उठले, आत गेले आणि हातात एक इंग्रजी कवेलू, म्हणजे छपराचं कौल, घेऊन आले. ते चपटं, भाजलेलं, लाल. बाहेर दोन विटांवर ठेवलं. "हे पाहा मास्तर, एक हात हाणा. आमी फोटोत पाह्यलं हाये, तुमचे लोक विटा फोडते म्हणून."

मी कवेलूकडे पाहिलं, कवेलूने माझ्याकडे. आमच्या दोघांत आधी कोण फुटणार याबद्दल मला शंका नव्हती. आता मला काय सुचलं असेल? खरं सांगायची ही दुसरी संधी होती. पण प्रतिभा दारात उभी होती. मी डोळे मिटले, गंभीर आवाज काढला आणि म्हणालो, "आमच्या विद्येत निर्जीव वस्तूवर हात उचलत नाहीत."

दौलतरावांनी मान डोलावली. "याले म्हणते संस्कार," ते म्हणाले. ढोके सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू त्यांनीच मला शिकवलं. मला वाटलं, सुटलो.

मग दौलतरावांनी मांडीवर थाप मारली. "निर्जीवावर नाई, त मंग जिवंत हाये ना एक!"

"कोण?" मी विचारलं.

"हुप्प्या!"

आता हुप्प्या म्हणजे काय ते आमच्या भागात सांगावं लागत नाही. वानरांच्या टोळीचा नर. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्यातली, संत्री पिवळी व्हायला लागली की ही टोळी बगिच्यात उतरते, खाते थोडं आणि तोडून फेकते जास्त. दौलतरावांचा हुप्प्या तर नामांकित होता. त्याने राखणदाराच्या थोबाडीत मारली होती. राखणदार त्या दिवशी जो आपल्या गावी गेला तो परत आला नाही. कुत्रं होतं, ते बाजेखाली राहायचं.

"तुमच्यासारखाच माणूस पायजे होता," दौलतराव माझा हात धरून म्हणाले. "आमी पाहून राहिलो पंधरा दिवसापासून. तो आताई आलाच असन."

पांढुर्ण्याची बस किती वाजता आहे, हे मी ढोके सरांना हळूच विचारलं. ते म्हणाले, "अबे, आधी हुप्प्या, मंग बस!"

बातमी कशी पसरते बघा. आम्ही बगिच्यात पोचेपर्यंत धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, वीसेक माणसं जमली होती. बायका वेगळ्या. प्रतिभाही आली, तिच्या हातात दोरीसारखं काहीतरी गुंडाळलेलं होतं, पण माझं तिकडे लक्ष नव्हतं. मी हुप्प्याला पाहत होतो. तो उजव्या हाताच्या कुंपणावर बसून संत्रं सोलत होता. केवढा होता म्हणून सांगू! बसलेला असूनही माझ्याहून भारी दिसत होता.

तरी मी धीर धरला. मनात म्हटलं, एकच आहे, आणि उजवीकडेच आहे. दोन महिने आपण हेच केलं. डावीकडे एक संत्र्याचं झाड होतं. त्याला लागून उभा राहिलो, कारण काचेत माझा माणूस डाव्या कडेलाच उभा असायचा आणि तिकडून कधी कुणी आलं नव्हतं. पाय फाकवले, गुडघे वाकवले आणि जोरात ओरडलो, "हू!"

वाकताना खिशातल्या डबीचं बटण दाबलं गेलं. थांबवलेला खेळ सुरू झाला. टिक्!

हुप्प्याने संत्रं टाकलं. माझ्या खिशाकडे पाहिलं आणि कुंपणावरून उडी मारून मधल्या झाडात गडप झाला. पानं हलली, मग हलायची थांबली. मी आपला उजवीकडे डोळे लावून उभा. येणार तर इकडूनच ना! शिस्त आहे की नाही काही?

"डावीकडं!" प्रतिभा धुऱ्यावरून ओरडली. "डावीकडं पाहा ना जी!"

मला ऐकू आलं हो. पण मान वळेचना! तिला तशी सवयच नव्हती.

सण्ण! डाव्या गालावर अशी बसली की मला सगळे पट्टे एकदम दिसले, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत, आणि या वेळी रंगीत. मी खाली पडलो आणि लगेच उठलो, कारण पडलं की उठायचं असतं. आणि मग मी प्रतिकार केला. माझ्या अंगातली दोन महिन्यांची सगळी विद्या उसळून आली. पण ती आली कुठे? अंगठ्यांत! ढोके सरांनी नंतर मला सांगितलं ते असं, की मी पाय फाकवून, डोळे मिटून, दोन्ही हात छातीशी धरून उभा होतो आणि माझे दोन अंगठे तेवढे विलक्षण वेगाने वरखाली होत होते. ठोसा, लाथ, अडव, ठोसा, लाथ, अडव! बाकी शरीर जागेवर.

दुसरी बसली. पडलो. उठलो. अंगठे चालू. तिसरी बसली. यानंतर उठायची सोय नव्हती, म्हणून मी पडून राहिलो.

हुप्प्या माझ्या छातीवर वाकला, खिशातून डबी काढून घेतली आणि झाडावर जाऊन बसला. वरून आवाज येत होता, टिक्, टिक्, टिक्. हुप्प्या बटणं दाबत होता.

"अबे," ढोके सर म्हणाले, "हे काय होय?"

मी पडल्या पडल्या उत्तर दिलं, "कराटे."

तेवढ्यात सप्प असा आवाज झाला. प्रतिभाच्या हातातली ती दोरी म्हणजे गोफण होती. तिने ती डोक्यावरून एकदाच फिरवली आणि दगड हुप्प्याच्या बोटभर वरच्या फांदीला लागला. हुप्प्या दचकला, डबी सोडली आणि टोळी घेऊन पार नाल्यापलीकडे गेला. सगळं मिळून एक दगड! तिने डबी उचलली, काचेत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

मी उठून बसलो आणि सगळं सांगून टाकलं. म्हटलं, ब्लॅक बेल्ट मी नाही, या काचेतला माणूस आहे. मला फक्त बटणं दाबता येतात. मी कुणाला खोटं सांगितलं नाही, पण खरंही सांगितलं नाही, आणि ते मी कवेलू पाहिलं तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. आईला दोनदा उपाशी झोपलेलं पाहिलं आणि तिसऱ्यांदा माझ्याच्याने बोलवलं नाही.

दौलतरावांनी मिशीवर हात फिरवला. मग म्हणाले, "मास्तर, चहा घेऊन जाजा."

संपलं! पोरीच्या बापाने चहा घेऊन जा म्हटलं की आमच्याकडे त्याचा अर्थ एवढाच, की चहा घ्या आणि जा. ढोके सरांनी घड्याळ पाहिलं. मला आईचं ताट डोळ्यांपुढे दिसायला लागलं.

"बाबा, थांबा ना जी," प्रतिभा म्हणाली. "राखणदार एका थापडीत गाव सोडून पळाला. याईनं तीन खाल्ल्या, पण जाग्यावरून हलले नाई. दोनदा उठून उभे राह्यले. अन् आता वीस माणसांपुढं खरं सांगून राहिले. मले चालते."

"अव, पण त्याले काई येत नाई," काका म्हणाले.

"मले येते ना," ती म्हणाली.

दौलतरावांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्या गालाकडे, आणि ते जे हसायला लागले! त्यांच्यामागून सगळा धुरा हसला. मग चहा झाला, पण तो बसून.

फाल्गुनात लग्न झालं. आईने मांडवात सगळ्यांना सांगितलं की पोरीने माझी हिंमत पाहून होकार दिला. सासरी मला आजही कुणी नावाने हाक मारत नाही, ब्लॅक बेल्ट जावई म्हणतात. डबी प्रतिभाने ठेवून घेतली. तिला काळा पट्टा मिळायला चार दिवस लागले, तोही स्वयंपाक सांभाळून. पुढच्या बहाराला दौलतरावांचं कार्ड आलं: 'वानरं उतरली आहेत. प्रतिभाला ताबडतोब पाठवावे. जावईबापूंनी घाई करू नये.'

भाऊजींना गुण-दोष पाठवायचे मात्र राहूनच गेले होते. त्यांचं आठवणीचं पत्र आलं, तेव्हा मी ते जुनं वहीचं पान काढलं. वाचलं आणि लाजेने सगळं खोडलं. शिस्त, वर्दी, उजवी बाजू, सगळं. मग खाली मास्तरासारखं प्रामाणिकपणे लिहिलं: 'दोष: या खेळात पळून जायचं बटण नाही. गुण: तोच.'

पाकीट चिकटवायला प्रतिभाकडे दिलं. तिने आधी पान वाचलं. मग पुन्हा वाचलं आणि माझ्याकडे बघत विचारलं, "म्हंजे? बटण असतं त तुमी पळाले असते?"

आता लग्न झालेलं होतं. म्हटलं, एकदा तरी वेळेवर खरं सांगावं.

"पहिल्या थापडीच्या आधीच," मी म्हणालो.